माझ्या हातचा कोबा

नागपुरात जमीन गरम करायची म्हटल्यावर लोक हसणारच. मे महिन्याच्या दुपारी अंगणात अनवाणी पाऊल टाकलं तर पोळतं, त्या गावात फरशीखालून गरम पाणी फिरवायचं ही काय भानगड, असं मलाही वाटलं होतं. पण बुटीबोरीच्या रस्त्याला ज्या डॉक्टरबाई व्यायामाचा हॉल बांधत होत्या, त्यांनी आम्हाला ते नीट समजावून सांगितलं. लकव्याने अर्धं अंग गेलेली माणसं तिथे जमिनीवर झोपून हातपाय हलवायला शिकणार होती. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी जमीन गार पडली की त्यांचं आखडलेलं अंग आणखी आखडतं. म्हणून गच्चीवर सोलर, तिथून खाली आणलेल्या प्लास्टिकच्या नळ्या हॉलभर नागमोडी अंथरलेल्या, आणि त्या नळ्यांवर कोबा. कोबा म्हणजे सिमेंट-रेतीची दाबून, घोटून गुळगुळीत केलेली जमीन. बाईंना वर टाइल नको होती. लहानपणीच्या घरात होता तसा साधा कोबाच हवा, असं त्या म्हणाल्या.

तो कोबा मी केला. निम्माच केला, पण मी केला. हे मी लिहून ठेवते आहे, कारण तोंडाने सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं नाही.

माझा नवरा कोब्याचा मिस्त्री. मी त्याच्या हाताखाली रेजा, म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन माल वाहणारी बाई. लग्न झाल्यापासून माझं तेच काम. कोब्याचा मिस्त्री आयुष्यभर उकिडवा बसून मागेमागे सरकत काम करतो, आणि पन्नाशी आली की गुडघे जातात. नवऱ्याचे तसेच गेले. दवाखान्यात त्याला सांगितलं, आता उकिडवं बसायचं नाही. कोब्याच्या मिस्त्रीला हे सांगणं म्हणजे न्हाव्याला वस्तरा धरू नको म्हणण्यासारखं. तो आठ दिवस घरी बसला आणि नवव्या दिवशी महाल भागातल्या एका घरी न्हाणीघराच्या कामाला मला घेऊन गेला. तिथे तो उपड्या ड्रमवर बसला आणि कोबा घोटायची थापी माझ्या हातात दिली.

त्याला तीन वर्षं झाली. सुरुवातीला तो बोलायचा आणि मी तसं करायची. इथे दाब, इथे सोड, मनगट सैल ठेव. नंतर त्याचं बोलणं कमी होत गेलं. काटोलला संत्र्याच्या गोदामाचा कोबा टाकत होतो, तेव्हा दुपारच्याला तो खुर्चीत डुलक्या घ्यायला लागला आणि मी एकटीने सगळी जमीन ओढून घोटून काढली. तो जागा झाला, उभा राहिला, डोळे बारीक करून पाहिलं आणि कुठेही हात न लावता हात धुवायला गेला. त्या दिवशी मला कळलं की मला येतं.

पण आम्हाला काम देणाऱ्या ठेकेदाराला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या धंद्यात बाई रेती चाळते, माल वाहते, पाणी मारते. थापी धरत नाही. का, ते कोणी विचारत नाही. म्हणून आमची एक रीत ठरली होती. ठेकेदाराच्या मोटरसायकलचा आवाज आला की आमच्यासोबतची म्हातारी रेजा दाराजवळून खोकायची. मी थापी जागेवर ठेवून उठायची, नवरा भिंतीला धरून खाली बसायचा, आणि ठेकेदार आत येईपर्यंत माझ्या डोक्यावर घमेलं असायचं. तो ओल्या जमिनीकडे पाहून म्हणायचा, "मिस्त्री, तुया हाताले तोड नाही गा." नवरा मान हलवायचा. ठेकेदार गेला की आम्ही पुन्हा जागा बदलायचो. पहिल्या वर्षी मला या सगळ्याचं हसू यायचं. म्हातारी रेजा तर पदर तोंडात कोंबून हसायची. तिसऱ्या वर्षी हसू येईनासं झालं.

हॉलचं काम मिळालं त्या दिवशी मी नवऱ्याला सरळ म्हटलं, "हा हॉल होऊ द्या. मंग ठेकेदाराले सांगा, का कोबा मी केला."

तो प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. घोटताघोटताच म्हणाला, "सांगतो. हॉल झाला का मीच सांगतो. तुले काही बोला लागत नाही."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना वं."

मला एवढंच हवं होतं. एवढा मोठा, अवघड हॉल, नळ्यांवरचा कोबा, असा कोबा आमच्यापैकी कोणी केलेला नव्हता. तो झाला आणि नवऱ्याच्याच तोंडून ठेकेदाराला कळलं, की मग कोण काय म्हणेल. पुढच्या कामाला मी थापी घेऊन समोरच्या दाराने आत जाईन. ते दिवसभर माझ्या डोक्यात घोळायचं, भाकरी करतानासुद्धा.

दिवाळी होऊन गेली होती. कामाच्या सकाळी प्लंबर आला. तो बुटीबोरीच्या कारखान्यात पाइपांचंच काम करायचा, त्या दिवशी दुसऱ्या पाळीला जायचं होतं म्हणून घाईत होता. त्याने नळ्यांत पाणी भरून दाब दिला आणि भिंतीवरच्या मीटरकडे बोट दाखवलं. "काका, काटा चारवर हाय. कोबा होतपर्यंत चारवरच राहाले पाहिजे. उतरला तं समजा का नळी फुटली. तवाच फोन करा, माल घट्ट व्हायच्या आत. घट्ट झाल्यावर मंग ब्रेकर लावून साराच फोडा लागन." नवऱ्याने आपली प्लास्टिकची खुर्ची मीटरखाली ओढून घेतली. म्हटलं बरं झालं, खुर्चीवर बसायला आज त्याला कारण आहे.

माल मी स्वतः उभी राहून बनवून घेतला. एक सिमेंट, तीन रेती, प्लास्टिकचे बारीक धागे, आणि पाणी अगदी बेताचं. मुठीत दाबला की लाडू झाला पाहिजे आणि हाताला पाणी सुटता कामा नये. माल कालवणाऱ्या गड्याला नेहमी जास्त पाणी हवं असतं, फावडं हलकं चालतं म्हणून. त्याला मी दोनदा झापलं. तो म्हणाला, "मिस्त्रीनबाई, तुमच्या सासूनं तुमाले काय खाऊ घातलं होतं?" मी म्हटलं, "कोरडाच माल." सगळे हसले. सकाळ अशी चांगली सुरू झाली होती.

समोरच्या भिंतीपासून सुरुवात करून दाराकडे मागेमागे येत जायचं. नळ्यांवर पाय पडू नये म्हणून फळ्या टाकल्या होत्या. माल टाकायचा, नळीच्या बाजूंनी दाबून बसवायचा, लांब फळीने ओढून पातळीत आणायचा, आणि मग काच. आमच्याकडे कोब्यात काच घालतात. चार-चार फुटांवर काचेच्या अरुंद पट्ट्या कडेवर उभ्या करून ओल्या मालात बसवायच्या, म्हणजे जमिनीचे चौकोनी खाने पडतात आणि तडा गेलाच तर काचेपाशी थांबतो. प्लंबरने सांगितलं होतं की काचेची गरज नाही, हॉलच्या मधोमध फोमची एक पट्टी पुरे आहे. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. काचेशिवाय कोबा आमच्या दोघांच्याही बापजन्मात कोणी केला नव्हता. आणि तडा गेल्यावर लोक प्लंबरला शिव्या देत नाहीत, मिस्त्रीला देतात. मी माप घेतलं. कोबा अडीच इंच, काच दीड इंच, खाली नळी पाऊण इंचाच्या आत. बसत होतं. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा बसलं.

तिसऱ्या रांगेतल्या चौथ्या खान्यात काच बसेना. बोटभर वर राहिली. मनात आलं, खाली खडा असेल. पण रेती मीच चाळली होती, बारीक चाळणीने, त्यात खडा असायचा संबंधच नव्हता. काच वर काढून खाली हात घालून पाहायला हवं होतं. तेवढं केलं असतं तर दोन मिनिटं गेली असती. पण उन्हं दारातून आत आली होती, माल सुकायला लागला होता, आणि ठेकेदार यायच्या आत मला सहा रांगा काढायच्या होत्या, आज त्याने पाहिलंच पाहिजे म्हणून. मी काचेवर लाकडाचा तुकडा ठेवला आणि थापीच्या मुठीने ठोकलं. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा काच खाली बसली. मऊ बसली. खडा असता तर करकरला असता. माझ्या हाताला तेव्हाच कळलं होतं, मी ते डोक्यापर्यंत येऊ दिलं नाही.

मी पाचवी रांग ओढत होते तेव्हा नवरा हळूच म्हणाला, "काटा उतरून राहिला."

मी वर पाहिलं. काटा साडेतीनच्या खाली होता. पाहतापाहता तीनवर आला. गडी फावडं धरून थांबला. म्हातारी रेजा म्हणाली, "मीटरच बिघडलं असन वं." मी म्हटलं, हो, तसंच असेल. मग म्हटलं, नाही, दाराजवळच्या उघड्या नळ्या पाहू, तिथे कुठे घमेल्याची कड लागली असेल. आम्ही सगळे दाराजवळ वाकून एकेक नळी चाचपत राहिलो. नवरा फोन लावत होता, प्लंबर उचलत नव्हता. वीस मिनिटं मी त्या उघड्या नळ्यांवरून हात फिरवला आणि त्या वीस मिनिटांत मला पक्कं ठाऊक होतं की इथे काही नाही. मला जायचंच नव्हतं त्या खान्यापाशी. काटा दीडवर आला.

मग मी फळ्या टाकल्या, माझ्याच घोटलेल्या जमिनीवर, आणि त्यांवरून रांगत गेले. चौथा खाना लांबूनच गडद दिसत होता. थापी टेकवली तर ती आत गेली, माल चिखल झाला होता. मी काच उपटली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागले. सिमेंट नखांत शिरत होतं, बोटाला काच लागली होती, ते नंतर कळलं. खाली गढूळ पाणी भरलेलं. त्यात हात घातला तेव्हा नळी लागली. ती जमिनीला धरून ठेवणाऱ्या खिळीतून सुटून धनुष्यासारखी वर आली होती, आणि वर नखाएवढी चीर. बोट ठेवलं की पाणी थांबायचं, काढलं की यायचं. मी बोट तसंच दाबून बसले. उपयोग काही नव्हता, काटा शून्याला टेकला होता, पण मला बोट काढवेना. आजूबाजूचा माल दर मिनिटाला घट्ट होत होता आणि मी मनात एकच घोकत होते, आजचा दिवस नको, दुसरा कोणताही चालेल, आजचा नको.

प्लंबरने शेवटी फोन उचलला. तासाभरात येतो म्हणाला, आणि त्यानेच ठेकेदारालाही कळवलं. नवरा खुर्चीतून उठला. फळीवर आधी एक हात टेकला, मग दुसरा, मग ते गुडघे. तीन वर्षांत मी त्याला असं रांगताना पाहिलं नव्हतं. दातांवर दात दाबून तो माझ्यापर्यंत आला.

"सरक," तो म्हणाला.

"तुमी काहून आले जी? गुडघे पाहा आपले."

"सरक म्हटलं ना." आणि त्याने माझ्या बाजूची थापी उचलून हातात घेतली.

मला वाटलं मदतीला आला. मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा कोणी खोकलं नाही, गरजच नव्हती. ठेकेदार दारात आला, मागून डॉक्टरबाई. त्यांना दिसलं ते असं: खड्ड्यापाशी थापी घेऊन बसलेला मिस्त्री, आणि कोपरापर्यंत चिखलात हात घातलेली त्याची रेजा.

"कोणी केलं हे?" ठेकेदाराने विचारलं.

"मायाच हातून झालं," नवरा म्हणाला. "काच जोरात बसली."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. चीर त्याची झाली, तर काच त्याची झाली. काच त्याची, तर खाना त्याचा, रांगा त्याच्या, सगळी जमीन त्याची. हे मला एका झटक्यात कळलं, आणि खड्ड्यातल्या चिरेपेक्षा मी या गोष्टीला जास्त घाबरले.

"त्यायच्या हातून नाही झालं जी," मी म्हटलं. "काच मी ठोकली. कोबा मीच टाकला, साराच. काटोलचा बी मायाच होता. तीन वर्सांपासून थापी माया हातात हाय."

ठेकेदार हसला. चिडून नाही, कौतुकाने. "पाहा मिस्त्री, बायको असावी तं अशी. तुयी चूक आपल्या अंगावर घेऊन राहिली."

डॉक्टरबाईंनी तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांना कोणी काही बोलणार नाही. तुम्ही घाबरू नका," त्या म्हणाल्या.

मी घाबरले नव्हते. मी गड्याकडे पाहिलं, ज्याने सकाळीच मला मिस्त्रीनबाई म्हटलं होतं. त्याने खाली पाहिलं. म्हातारी रेजा भिंतीकडे पाहत होती. त्यांना उद्याही ठेकेदाराकडेच यायचं होतं, त्यांना मी दोष देत नाही. मग मी नवऱ्याला म्हटलं, "सांगा ना. तुमी सांगतो म्हटलं होतं."

तो खड्ड्यात पाहत म्हणाला, "घाबरून गेली ते. चूक मायीच हाय, साहेब."

प्लंबर आला. त्याने नळी तेवढी कापली, पितळी जोड घातला, पुन्हा दाब दिला. काटा चारवर चढला आणि तिथेच राहिला. उकरताना आजूबाजूचे मिळून तीन खाने मोडले होते, ते भरायचे होते. मी नवीन माल आणला आणि सवयीने थापीला हात घातला. ठेकेदार म्हणाला, "बाई, मिस्त्रीले करू दे." आणि तो तिथेच उभा राहिला, जायचं नाव घेईना.

नवऱ्याने ते तीन खाने भरले. तीन वर्षं थापी न धरलेला हात, आणि खाली ते गुडघे. माल ओढताना लाटा पडत होत्या, कड मिळत नव्हती. मला दिसत होतं कुठे दाबायला हवं, कुठे सोडायला हवं, आणि मी रिकामं घमेलं धरून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तिसऱ्या खान्यात त्याचा गुडघा गेला. तो कलंडला आणि सावरायला त्याने हात टेकला, तो पंजा ओल्या कोब्यात उमटला. एवढा वेळ मी रडले नव्हते, तेव्हा रडले.

"मिस्त्री, बस झालं," ठेकेदार अगदी नरमाईने म्हणाला. "आता घरी आराम कर गा. उद्या दुसरा मिस्त्री आणतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू ये. माल वाहाले माणूस लागतेच."

घरी जाताना आम्ही शेअर ऑटोत शेजारीशेजारी बसलो होतो. मी विचारलं, "काहून नाही सांगितलं?"

तो गुडघा चोळत बाहेर पाहत होता. "मले म्हातारा म्हणून सोडलं त्यानं," तो म्हणाला. "तुले नसतं सोडलं. पयल्याच कामात नळी फोडली म्हणून मजुरांच्या साऱ्या ठिय्यावर बदनाम केलं असतं. मंग कोणी कामावर उभं नसतं केलं तुले."

"आता कोण उभं करून राहिलं?"

त्याने मला वाचवलं की आपलं मिस्त्रीपण वाचवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. त्या गुडघ्यांवर रांगत येणं खोटं नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी मला त्याचा राग आला, आणि आजही भाजी चिरताचिरता मध्येच येतो.

दुसऱ्या दिवशी मी गेले. न जाऊन करणार काय होते. नवीन मिस्त्री माझ्याहून लहान होता, कामाला चोख दिसत होता. त्याने आधी कालच्या जमिनीवर पाणी शिंपडलं आणि गाल टेकवून तिरप्या नजरेने पाहिलं, कारण त्याला आपली पातळी तिथूनच धरायची होती. मग तो आमच्या पहिल्या रांगांवरून हात फिरवत पुढे आला आणि त्या तीन खान्यांपाशी थांबला.

"हे एका माणसाचं काम नाही," तो ठेकेदाराला म्हणाला. "हे तीन खाने येगळ्या हाताचे हाय. बाकीचा ज्यानं केला, त्याचा हात लई साफ हाय."

माझ्या डोक्यावर भरलेलं घमेलं होतं. मी होते तिथेच थांबले. म्हातारी रेजा माझ्याकडे पाहत होती.

"एकाच माणसाचं हाय," ठेकेदार म्हणाला. "हिचा नवरा. शेवटी शेवटी थकला तो, गुडघे गेले त्याचे."

नवीन मिस्त्रीने पुन्हा एकदा त्या खान्यांकडे पाहिलं, मग खांदे उडवले आणि माल खाली घ्यायला माझ्याकडे वळला. "तुया नवऱ्याचा हात चांगला होता वं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, आणि घमेलं त्याच्यापुढे रिकामं केलं.